नटाला दोष देऊ नका

श्रोतेहो, शाळेच्या कर्मशाळेत किंवा घरच्या पडवीत स्वतःच्या हातांनी लहानसा लेथ वा मिलिंगचे यंत्र उभे करावे, असे पुष्कळांना वाटते. त्यांच्यासाठी आज एकच गोष्ट सांगणार आहे. यंत्राचे टेबल पुढेमागे नेणारा लांब स्क्रू बसवायचा कसा?

१८०० च्या सुमारास हेन्री मॉड्स्ले या इंग्रज कारागिराने लेथचे हत्यार अशाच स्क्रूने चालवले आणि एकासारखे एक आटे पाडून दाखवले. म्हणजे मापाची सारी भिस्त या दांड्यावर. तो चुकला की काम चुकलेच म्हणून समजा.

माझेच पाहा ना. मी पहिले यंत्र केले तेव्हा टेबल मध्यावर छान हलके चाले, पण टोकाकडे गेले की हँडल घट्ट होई. मला वाटलं, नट आवळ बसतोय. मी नटाचे आटे घासून सैल केले. घट्टपणा थोडा गेला, पण ढील कायमची आली! खरा दोष नटाचा नव्हताच. बेअरिंगचा ठोकळा किंचित उंच होता. मध्यावर लांब स्क्रू थोडा वाकून वेळ निभावतो; टोकाजवळ त्याला वाकायला जागा उरत नाही.

तेव्हा पहिले सूत्र हे, की स्क्रूने फक्त ढकलावे. टेबलाचा भार सरकपट्ट्यांनी वाहावा.

दुसरे सूत्र : एक टोक पक्के, दुसरे मोकळे. पक्क्या टोकाला अँग्युलर काँटॅक्ट बेअरिंगची जोडी पाठीला पाठ लावून बसवा आणि लॉकनटाने बेताने आवळा. ढकलणे आणि ओढणे, दोन्ही जोर तिथेच थांबले पाहिजेत. समजा, आट्यांचे अंतर ४ मिलिमीटर आहे आणि हँडलवर ८० रेघा आहेत. म्हणजे एक रेघ ०.०५ मिलिमीटरची. स्क्रू आपल्या जागेत ०.२ मिलिमीटर पुढेमागे सरकत असेल, तर चार रेघा खोट्याच झाल्या की नाही? दुसऱ्या टोकाचे बेअरिंग मात्र आपल्या घरात लांबीच्या दिशेने सरकू द्या. मीटरभर पोलादी स्क्रू २० अंशांनी तापला तर जवळजवळ पाव मिलिमीटर वाढतो. दोन्ही टोके जखडली, तर ही वाढ जाणार कुठे?

तिसरे सूत्र जुळवणीचे. नट टेबलाला पक्का करा. ठोकळ्यांचे बोल्ट ढिले ठेवा. टेबल पक्क्या टोकाजवळ आणा, स्क्रू फिरवा, ठोकळ्याला आपली जागा आपणच शोधू द्या, मग बोल्ट आवळा. नंतर टेबल दुसऱ्या टोकाशी नेऊन तेच करा. ठोकळ्याखाली फट दिसली, तर तितक्याच जाडीची पत्र्याची पट्टी सारा. बोल्टाने ठोकळा खाली ओढलात, तर त्याबरोबर स्क्रूही वाकलाच!

शिक्षकबंधूंना एक विनंती. हँडल एका बोटाने या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखेच फिरते का, हे मुलांनाच पाहू द्या. कुठे घट्ट लागले, तर कानस हाती घेण्याआधी बोल्ट ढिले करायला सांगा. घट्टपणा तेवढ्यानेच गेला, तर दोष कुठे होता ते मुलांना कळेल आणि नटही वाचेल. घासलेला आटा काही परत भरून येत नाही.