बीएलक्यू नावाचं औषध



विश्लेषकांच्या संमेलनात अध्यक्षांनी सुरुवातीला आभार मानायचे असतात. ते मनापासून मानते आणि थेट दिंडोरीकडे वळते. तिथल्या एका बागायतदारांच्या द्राक्षांचा अहवाल आमच्या प्रयोगशाळेने दिला होता. दोन पानं भरून कीडनाशकांची नावं आणि प्रत्येकापुढे तीच अक्षरं. ते कागद घेऊन आले आणि जरा घुश्शातच म्हणाले, "मॅडम, हे बीएलक्यू नावाचं औषध मी यंदा मारलंच नाही, आणि तुम्ही तर ओळीओळीला तेच लिहून ठेवलंय!" तेव्हा मी हसले. घरी जाताना मात्र वाटलं, त्यांचं काय चुकलं? बीएलक्यू म्हणजे मोजता येण्याच्या मर्यादेखाली, ‘नाही’ नव्हे, हे आपण त्यांना कधी सांगितलंय?

आज त्या मर्यादेबद्दलच बोलायचं आहे.

युरोपात ज्या औषधासाठी वेगळी कायदेशीर मर्यादा ठरलेली नसते, त्याला सरसकट किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम लागू होतं. म्हणजे १०० टन द्राक्षांत १ ग्रॅम. गोम अशी की, तो एक ग्रॅम बोलायला तयारच असतो. उरलेल्या शंभर टनांना गप्प कसं बसवायचं, हा खरा प्रश्न. सालीवरचं मेण, स्निग्धाम्लं, स्टेरॉल असं सगळं कॉलममधून त्याच्या बरोबरीने बाहेर पडतं आणि डिटेक्टरपुढे गलका करतं.

नेहमीच्या पद्धतीत आपण ७० इलेक्ट्रॉन व्होल्टचे इलेक्ट्रॉन रेणूवर आदळतो. त्यात मेणही फुटतं आणि एन्डोसल्फानही फुटतं, दोघांचा सारखाच चुरा. इलेक्ट्रॉन कॅप्चर पद्धतीत, म्हणजे आपण ज्याला रोजच्या बोलण्यात ‘एनसीआय’ म्हणतो त्यात, सोर्समध्ये मिथेन भरतात. वेगाने येणारे इलेक्ट्रॉन मिथेनवर आपटत आपटत थकतात आणि जवळजवळ शून्य ऊर्जेवर येतात. असा मंदावलेला इलेक्ट्रॉन मेणाला नको असतो. सहा क्लोरीन अंगावर वागवणारं एन्डोसल्फान मात्र त्याला सहज गिळतं आणि ऋण आयन होतं. पुष्कळदा ते फार न मोडता, ४०६ च्या आसपास आपलं वजन सांगत उभं राहतं. इतरांनी तोंडच उघडलेलं नसतं, म्हणून त्याचा बारीक आवाजही ऐकू येतो. ही संवेदनशीलता बरीचशी शांततेतून आलेली आहे.

जाता जाता एक तक्रार. या एनसीआयला ‘रासायनिक आयनीकरण’ म्हणायचं ते कशासाठी? १९६६ साली मन्सन आणि फील्ड यांनी त्या नावाची पद्धत मांडली, तेव्हा मिथेनपासून झालेले आयन खरोखर रेणूशी अभिक्रिया करत होते. इथे मिथेन नुसता ब्रेक आहे. फार तर नव्या आयनाची जास्तीची ऊर्जा तो काढून घेतो.

इलेक्ट्रॉन गिळणाऱ्यांना पकडायची कल्पना त्याआधीची. १९५७ च्या सुमारास जेम्स लव्हलॉक यांनी इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर केला. तो दारावरच्या राखणदारासारखा: कुणीतरी आलंय एवढं नक्की सांगेल, कोण ते नाही. मास स्पेक्ट्रोमीटर जोडल्यावर आलेल्याचं वजन तरी कळलं.

पण तेही नेहमी कळतंच असं नाही. जुन्या संगणकांच्या प्लास्टिकमधली ब्रोमीनयुक्त अग्निरोधकं आम्ही धुळीत मोजत होतो. ही द्रव्यं इलेक्ट्रॉन घेतात आणि ब्रोमाइड सोडून देतात. ७९ आणि ८१ वर जवळजवळ सारख्या उंचीचे जुळे पीक. एके दिवशी तेच जुळे आमच्या ब्लँकमध्ये हजर! द्रावक बदलला, सिरिंज बदलली, कॉलम कापला, ॲल्युमिनाने घासघासून सोर्स चकचकीत केला. जुळे जागच्या जागी. तीन आठवड्यांनी आमच्या एका मुलीच्या लक्षात आलं की धुतलेले फ्लास्क आपण उघडेच वाळत ठेवतो, आणि शेजारी एका जुनाट संगणकाचा पंखा दिवसभर धूळ उडवत असतो. फ्लास्कवर फॉइल चढवली, जुळे गेले. कार्बन-१३ घातलेलं महागडं प्रमाणद्रव्य आणावं असंही मध्यंतरी कुणी सुचवलं होतं. पण आपण मोजतो ब्रोमाइड. कार्बन मागेच राहतो आणि ब्रोमाइडवर कुणाचा शिक्का नसतो. इथे उपयोग कॉलममधून बाहेर पडायच्या वेळेचा, स्वच्छ ब्लँकचा, आणि नमुन्यात एरवी न सापडणाऱ्या एखाद्या भावंडरेणूचा.

सोर्सचं तापमान, मिथेनचा दाब, आतली घाण, यातलं काहीही सरकलं की वर्णपट बदलतो. ७० व्होल्टवाल्यांसारखं तयार ग्रंथालय उघडून नाव जुळवण्याची सोय इथे भरवशाची नाही. तुमच्या यंत्रावर, त्या आठवड्यात, तुम्ही चालवलेलं प्रमाणद्रव्य हाच पुरावा. नव्याने लागलेल्या मुलामुलींनी हे ध्यानात ठेवावं.

आता २०१० आठवा. युरोपला गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट, बागायतदारांचं ‘सीसीसी’, निघालं आणि कंटेनर अडकले. तपासणीच्या यादीत ते नव्हतं. आणि आमच्या यंत्रात कुणी घातलं असतं तरी काय दिसणार होतं? तो क्षार, तापवून वाफ होत नाही, गॅस क्रोमॅटोग्राफच्या वाटेने जात नाही. त्यासाठी द्रव क्रोमॅटोग्राफीची वाट धरावी लागते. आमचा कागद मात्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत बीएलक्यू, निर्मळ दिसला असता.

म्हणून या संमेलनापुढे एक ठराव ठेवते आहे. अहवालात ‘बीएलक्यू’ जिथे येईल तिथे शेजारी मर्यादेचा आकडा छापावा, आणि खाली मराठीत दोन ओळी: ही तपासणी कोणत्या वाटेने केली, आणि या वाटेने कोणत्या प्रकारची औषधं दिसत नाहीत. मसुदा दुपारच्या सत्रात वाचला जाईल. दिंडोरीच्या त्या बागायतदारांना मी मुद्दाम बोलावलं आहे. मागून तिसऱ्या रांगेत बसले आहेत. त्यांना तो समजला नाही, तर आपण पुन्हा लिहायला बसू.