निर्णय मागाशेजारी



कापडाच्या ताग्यातील दोष दुकानात उलगडतो. परंतु त्याचा जन्म मागावर झालेला असतो. दोष घडणे आणि तो कळणे यांत जितके अंतर, तितके नुकसान अधिक. हे अंतर कमी करणे हाच ‘एज कॉम्प्युटिंग’ या तंत्राचा हेतू होय. एज म्हणजे कड. यंत्राकडून मिळणारी माहिती निर्णयासाठी दूरच्या संगणक-केंद्राकडे न पाठविता, यंत्राशेजारीच बसविलेल्या लहान संगणकाने तिचा निवाडा करावयाचा, असा त्याचा अर्थ आहे.

नाव नवे असले तरी विचार जुना आहे. जपानमधील साकिची टोयोडा यांनी १९२४ साली सिद्ध केलेला स्वयंचलित माग ताण्याचा धागा तुटताच आपोआप थांबत असे. १९२९ साली इंग्लंडमधील प्लॅट ब्रदर्स या नामवंत यंत्रनिर्मात्यांनी त्याचे हक्क विकत घेतले. त्या मागात संगणक नव्हता. दोष घडेल तेथेच निर्णय घ्यावा, हे तत्त्व मात्र होते.

आज वेग वाढला आहे. एअरजेट माग मिनिटाला ६०० आडवे धागे भरतो असे धरले आणि कापडात इंचाला ६० धागे असले, तर एका मिनिटाच्या विलंबाने १० इंच सदोष कापड तयार होते. मागावरील कॅमेऱ्याची सर्व छायाचित्रे दूर पाठवून उत्तराची वाट पाहणे खर्चिक ठरते. शिवाय इंटरनेट खंडित झाले की देखरेखही थांबते. शेजारचा संगणक मात्र दोष ओळखून माग तत्काळ थांबवितो आणि कोणता माग, केव्हा व कशामुळे थांबला, एवढीच नोंद पुढे पाठवितो.

अशा नोंदी एकत्र जुळल्या की कारणही उमगते. एकाच बीमवर धागे वारंवार तुटत असतील, तर सायझिंग तपासावे. सर्वच मागांवर एकाच वेळी तुटू लागले, तर शेडमधील आर्द्रता पाहावी.

येथे एक नाजूक प्रश्न उद्भवतो. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग सुरू केला. त्या गावी विणकराची मजुरी पिकांवर, म्हणजे भरलेल्या आडव्या धाग्यांवर ठरत आली आहे. माग थांबल्याची प्रत्येक नोंद म्हणूनच कामगाराच्या घरच्या चुलीपर्यंत पोहोचते. निकृष्ट सुताचा दोष विणकराच्या नावे मांडला गेला, तर यंत्र अचूक असूनही हिशेब खोटा ठरेल. यास्तव ती नोंद मालकाइतकीच कामगारालाही पाहता आली पाहिजे.

खतावणी जशी दोन्ही बाजू मांडल्यावाचून जुळत नाही, तसेच हे आहे. माग केव्हा थांबला, हे यंत्र सांगेल. त्याचा भार कोणी सोसावा, याचा न्याय माणसानेच करावयाचा आहे.