नारळाचे तेल आणि एक अदृश्य उणीव
(दिवेआगर येथील भाषणाचा मजकूर)



३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दिवेआगरच्या वाड्यांतील नारळी-पोफळी आडव्या केल्या, तेव्हा त्या हानीचे पंचनामे झाले. ज्या मृत्यूंचे पंचनामे होत नाहीत, त्यांपैकी एका प्रकाराविषयी हे विवेचन आहे.

पोट रिकामे राहिले की प्रथम यकृतातील साखर खर्ची पडते. ती सरली की शरीर चरबीकडे वळते. चरबीतील मेदाम्ले म्हणजे कार्बनच्या लांब साखळ्या. त्या दोन-दोन कार्बनांनी तोडल्या जातात, हे जर्मन शास्त्रज्ञ क्नूप यांनी १९०४ साली दाखवले. साखळीच्या लांबीप्रमाणे तोडणारी विकरे निराळी. मध्यम साखळ्या तोडणारे विकर काही बालकांत जन्मतःच निकामी असते. सदोष जनुक माता आणि पिता या दोघांकडूनही आले तरच हा विकार होतो; सुनेला बोल लावणाऱ्या सासरने निम्मा हिशेब आपल्याही खाती मांडावा.

असे मूल एरवी धडधाकट असते. मग एके दिवशी ताप, उलट्या, दोन वेळचे जेवण चुकलेले, आणि रात्र. चरबी कामी येत नाही, रक्तातील साखर उतरते, मूल गुंगीत जाते, पहाटे आकडी येते. गाव बाधा म्हणते. १९८० च्या दशकाच्या आरंभी विकाराची ओळख पटेपर्यंत डॉक्टरही असे कित्येक मृत्यू ‘अकस्मात’ याच सदरात घालीत.

यावर खरे औषध म्हणजे वेळेवर अन्न. उलटी थांबत नसेल तर शिरेतून ग्लुकोज. नारळाच्या तेलातून वेगळे काढलेले मध्यम-साखळी तेल बालकांच्या काही खास दूधभुकट्यांत घालतात. ते या मुलाला वर्ज्य. लांब साखळीचे विकर नसलेल्या मुलाला मात्र तेच औषध! म्हणून कोणते विकर नाही, हे आधी कळले पाहिजे.

ते टाचेतून कागदावर टिपलेल्या रक्ताच्या थेंबांवरून कळते. कागद टपालाने जातो. यंत्र महाग खरे, पण एका फेरीत ते अनेक विकार शोधते आणि मोठ्या प्रदेशाला पुरते. शेजारच्या गोव्यात शासनाने २००८ साली नवजात बालकांची तपासणी हाती घेतली. महाराष्ट्रात ती मुख्यतः पैसे मोजू शकणाऱ्याच्या वाट्याला येते. विकार विरळा, मग खर्च कशाला, असे विचारले जाते. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत दहा ते वीस हजार जन्मांमागे एक, हा आकडा तपासणीमुळेच हाती आला. जेथे तपासणीच नाही तेथे रुग्ण मोजणार कोण?

तोवर आरोग्य केंद्रात रात्री ग्लुकोजची बाटली आणि तान्ह्याची शीर सापडणारा हात असावा, एवढा ठराव तरी ग्रामसभेने करावा.