फायबरच्या गाडीची निगा व डागडुजी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपल्याकडे कोणी पाककृती सांगते, कोणी बाळंतिणीच्या आहारावर बोलते. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, "तू गाडीवर बोल." मी सातवी शिकलेली. भाषणाची सवय नाही. पण गाडी रोज हाताखाली आहे, तेव्हा जे हाताने केले तेवढे सांगते. चुकीचा शब्द गेला तर सांभाळून घ्या.

आमची गाडी आपण पाहिली आहे. पांढरी, कडा गोल, दोन चाकांची, टेम्पोच्या मागे पिन लावून ओढायची. आम्ही पाच जणींनी बचत गटाचे कर्ज काढून ती जुनी विकत घेतली. आपल्या दापोड्यात भाताची खाचरे होती तेथे आता गोदामे झाली आहेत, आणि गोदाम आले की हमाल आला, ड्रायव्हर आला, त्यांचे पोट आले. दुपारी त्या रस्त्याला गाडी उभी करून आम्ही तांदळाची भाकरी, भाजी आणि सुकट देतो. चैत्रात वज्रेश्वरीच्या जत्रेला ती घेऊन जातो, तेव्हा रात्री आत फळ्या टाकून तिघी झोपतो. म्हणजे ती आमची खानावळही आहे आणि प्रवासातले घरही. पाच घरांचा पैसा तिच्यातून येतो. ती आठ दिवस बंद राहिली तर पाच चुलींना कळते.

तेव्हा पहिला प्रश्न असा, की हे फायबर म्हणजे काय? पुष्कळ जणी त्याला प्लास्टिक म्हणतात. प्लास्टिकची पाण्याची टाकी वेगळी आणि हे वेगळे. आपल्या आज्यांच्या घराला कारवीचे कूड असत ते आठवा. कारवीच्या काठ्या उभ्या करायच्या आणि त्यावर शेणमाती लिंपायची. नुसती काठी वारा अडवीत नाही, नुसती माती उभी राहत नाही. दोन्ही मिळून भिंत होते. फायबरचेही तेच. काठीच्या जागी काचेचे केसासारखे धागे, मातीच्या जागी रेझीन नावाचा चिकट रस. तो वाळला म्हणजे दगडासारखा होतो. वर जो गुळगुळीत पांढरा थर दिसतो त्याला जेलकोट म्हणतात. तो म्हणजे भिंतीवरचा चुना. कोकण किनाऱ्यावर कोळी बांधवांच्या कित्येक होड्या आता याच मालाच्या आहेत, आणि मला हे काम शिकवले तेही वसईकडच्या माझ्या माहेरच्या एका होडीवाल्या मामांनीच.

अशा गाड्या राहण्यासाठी कोणी केल्या, तेही ऐकण्यासारखे आहे. कॅनडा देशात विनिपेग गावी रे ओलेको नावाचे एक गृहस्थ होते. त्यांनी आधी फायबरची संडासाची टाकी तयार केली होती. हसू नका! त्याच विचारातून त्यांनी 1968 साली 13 फुटी राहण्याची गाडी काढली. बोलर टोपीसारखी ती गोलसर दिसे म्हणून तिचे नावही बोलर पडले. वरचा अर्धा आणि खालचा अर्धा असे दोन भाग साच्यात घालून काढायचे आणि मध्ये पोटाशी जोडायचे, अशी तिची घडण. आमची गाडीही तशीच दोन भागांची आहे, करंडा आणि त्याचे झाकण म्हणा ना. आपल्या महाराष्ट्र सरकारनेही 2021 साली असल्या प्रवासी गाड्यांच्या पर्यटनाचे धोरण जाहीर केले. तेव्हा ही काही दूरदेशीची गोष्ट राहिलेली नाही.

गाडी विकणारा म्हणतो, "फायबरला गंज नाही, वाळवी नाही, काही बघावे लागत नाही." यातले पहिले दोन शब्द खरे. तिसरा खोटा. फायबर स्वतः कुजत नाही, पण त्याला आपण भोके पाडतो. खिडकीला भोक, पत्र्याच्या छपरीला भोक, दिव्याच्या वायरीला भोक, शिवाय पोटाचा तो सांधा. पाणी आत शिरते ते या वाटांनी. आणि आत गेले की जमिनीच्या फायबरखाली जे प्लायवूड घातलेले असते ते भिजते, फुगते, काळे पडते. वरून गाडी नवरीसारखी दिसते आणि पायाखाली लाकडाचा भुगा झालेला असतो. सिलिंडर त्याच जमिनीवर उभा असतो, हे विसरू नये.

जमीन कुजली की नाही हे पाहायला मिस्त्री लागत नाही. माठ घेताना आपण कसा वाजवून घेतो? तसेच एक रुपया घेऊन इंचाइंचावर वाजवीत जावे. चांगल्या जागी टणटण आवाज येतो. थर सुटले असतील किंवा आत ओल असेल तर आवाज मेलेला, भदभद असा येतो. तेथे खडूने गोल करून ठेवावा. पुढच्या महिन्यात पुन्हा वाजवावे. गोल वाढला असेल तर पाणी अजून शिरते आहे असे समजावे.

गळती शोधणे हे मात्र चिकाटीचे काम. थेंब आत जेथे पडतो तेथे भोक असतेच असे नाही. पाणी कडेकडेने वाहत येऊन भलतीकडे टपकते. म्हणून एकीने आत बॅटरी घेऊन बसावे आणि दुसरीने बाहेरून नळी धरावी. नळी आधी खाली धरायची, मग हळूहळू वर न्यायची. छपरापासून सुरुवात केली तर सगळ्याच भोकांवर एकदम पाणी येते आणि काहीच उमगत नाही. आमची गळती खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात दिसत होती. मूळ निघाले वरच्या छपरीच्या स्क्रूपाशी, दोन हात लांब.

भोक सापडले की लोक सिलिकॉनची नळी आणतात आणि बाहेरून थापतात. आमच्या गाडीवर पूर्वीच्या कोणी कारागिराने असे बोट बोट जाड थापलेले होते. दिसायला छान. पण पाणी त्याच्या मागून जाते. शिवाय सिलिकॉनची एक खोड अशी, की त्याचा तेलकट अंश राहिला तर त्यावर ना रंग धरत, ना रेझीन धरत. ते सगळे पात्याने खरवडून, पुसून, घासून काढावे लागले. आमचे दोन दिवस त्यातच गेले आणि त्या कारागिराला आम्ही काय काय म्हटले ते येथे सांगत नाही. खरी रीत अशी की स्क्रू काढावा, चौकट सैल करावी, तिच्या मागे ब्यूटाईलची चिकट पट्टी घालावी आणि पुन्हा आवळावी. पट्टी मऊ राहते, गाडी रस्त्यात हादरली तरी सुटत नाही.

आता तडा गेला असेल तर. गेल्या वर्षी एका टेम्पोने मागे घेताना आमच्या कोपऱ्याला धक्का दिला. केसासारखी बारीक रेघ वरच्या जेलकोटातच असेल तर घाई नाही. पण आमची चीर आरपार होती. मामांनी फोनवर सांगितले तसे केले. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडले, म्हणजे ती पुढे पळत नाही. मग कडा घासून उतार दिला. हा उतार भित्र्या हाताने देऊ नये. फायबर जितके जाड, त्याच्या निदान बारापट रुंद उतार हवा. 3 मिलिमीटर जाडीला दीड इंच म्हणा. नाहीतर नवे ठिगळ जुन्याला धरत नाही, नुसते चिकटल्यासारखे दिसते. घासण्याआधी साबणाने धुऊन तेलतूप काढावे. आधी घासले तर ते तेल आत रगडले जाते. आमच्यासारख्या तळणाच्या गाडीला हे विशेष लागू.

दुकानात काचेची मॅट मिळते, तिचे तुकडे लहानमोठे कापून ठेवावे. मॅटच्या वजनाच्या दुप्पट ते अडीचपट रेझीन लागते. रेझीनमध्ये कोबाल्ट आधी घातलेला नसेल तर तो प्रथम घालून नीट ढवळावा, आणि मग शेवटी हार्डनर, 100 ग्रॅमला 1 ते 2 ग्रॅम. येथे, भगिनींनो, कान देऊन ऐका. कोबाल्ट आणि हार्डनर हे दोघे एकमेकांना कधीही थेट भेटू द्यायचे नाहीत. भडका उडतो, स्फोटही होतो. दोघांच्या बाटल्या वेगळ्या फळीवर आणि चमचेही वेगळे. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. चष्मा लावल्याशिवाय झाकण उघडू नये आणि बादलीभर स्वच्छ पाणी शेजारी ठेवूनच बसावे. गेलाच तर डोळा पंधरा-वीस मिनिटे धुवावा आणि लगेच दवाखाना गाठावा. पोरेबाळे त्या दिवशी आजीकडे.

रस एका वेळी वाटीभरच कालवावा. मे महिन्यात तर तो बघता बघता घट्ट होतो, आणि मोठा ढीग ठेवला तर आपोआप तापून धूर सोडतो. ब्रश ओढायचा नाही, टोचत टोचत टेकवायचा, म्हणजे आतली हवा निघते. भाकरी थापताना पिठात हवा राहू देत नाही, तोच हात. मॅट पांढरी होती ती रस पिऊन पारदर्शक झाली म्हणजे काम बरोबर. कोठे पांढरे ठिपके राहिले तर तेथे रस पोचला नाही. वरून प्लास्टिकचा कागद लावावा, नाहीतर हवेशी लागलेली बाजू चिकट राहते. दुसऱ्या दिवशी घासावे आणि मग जेलकोट. हे सर्व उघड्यावर करावे, वासाने डोके फिरते. पावसाळ्यात तर करूच नये. ओल लागली की रस नीट वाळत नाही आणि ठिगळ पुढे सुटते. दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंतचे दिवस उत्तम.

काही जणी विचारतील, एम-सील का नको? बारीक भोकाला एम-सील चालते. पण पुढे त्यावर रेझीन लावायचे असेल तर ते धरत नाही, हे लक्षात ठेवावे.

आता मला ज्यासाठी मुख्यतः बोलायचे होते ते. धक्क्यानंतर गाडी चार दिवस एका गॅरेजात होती, खालची लोखंडी चौकट सरळ करायला. परत आली तेव्हा त्या लोकांनी आपणहून एक उपकार केलेला होता. जमिनीलगत सिलिंडरच्या मागे दोन भोके होती, जाळी लावलेली. ती त्यांनी फायबरने छान बुजवून वर रंग मारला होता. "उंदीर येतील, पाणी येईल," म्हणाले. आमच्यातली धाकटी झाडू मारायला वाकली आणि तिने विचारले, "काकू, जाळी कुठे गेली?" ती भोके गळतीची नव्हती. आपल्या स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो वर जात नाही, पाण्यासारखा जमिनीवर पसरतो आणि तेथेच बसून राहतो. त्याला बाहेर जायची वाट म्हणून ती भोके. जत्रेत आम्ही तिघी त्याच जमिनीवर निजतो! त्याच संध्याकाळी ती पुन्हा कापून घेतली आणि तेव्हापासून लाल रंगाने भोवती चौकोन काढून ठेवला आहे. झोपण्याआधी सिलिंडर बाहेर काढतो, हा नियम आधीही होता आणि आताही आहे.

आणखी एक. फायबर पेटले तर काळा दाट धूर करून जळते. शेगडीच्या मागे थोडी फट ठेवून स्टीलचा पत्रा हवाच. "फायबरला आग लागत नाही" असे जो सांगेल त्याच्याकडून गाडी घेऊ नये.

रोजची निगा सोपी आहे. साधा साबण आणि मऊ फडके. तारेची घासणी लावली की जेलकोटाची चकाकी गेली. हात फिरवल्यावर तळव्याला पांढरी भुकटी लागली तर उन्हाने थर खाल्ला समजावे, हलके घासून मेणाचे पॉलिश द्यावे, वर्षातून एकदा पावसाआधी. खालची चौकट लोखंडाची आहे, तिला गंज येतोच. तिला प्रायमर आणि रंग. चाकांच्या बेअरिंगला वर्षाकाठी नवे ग्रीस.

टायरवर चार आकडे एका लंबगोलात असतात, ते वाचायला शिका. 2319 असेल तर तो टायर 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात झाला. उभ्या गाडीचा टायर झिजत नाही, पण आतून वाळतो. नक्षी चांगली दिसली तरी सहा वर्षांनंतर त्याच्यावर भरवसा ठेवू नये. आमच्या गाडीचे दोन्ही टायर या हिशेबाने अकरा वर्षांचे निघाले. आमच्या ह्यांचे म्हणणे, "अजून दोन वर्षे सहज जातील." आम्ही पाच जणींनी ठराव करून बदलले.

ज्यांना हे प्रत्यक्ष पाहायचे असेल त्यांनी येत्या मंगळवारी चार वाजता माझ्या अंगणात यावे. त्या दिवशी गाडी बंद असते आणि छपरीच्या कडेला एक थर द्यायचा आहे. लांब बाह्यांचे जुने कपडे घालून या, काचेची खूस अंगाला लागली की खाज सुटते. लागलीच तर चोळू नये, थंड पाण्याने धुवावे. नाकाला बांधायला फडके पुरत नाही, वासाचा मास्क आमच्याकडे दोनच आहे, तेव्हा पाळीपाळीने पुढे यावे लागेल.