दारावरची पाटी आणि हातातली पाटी



आज आपल्याशी बोलायचे आहे ते शाळेविषयी. आणि तेही साध्या शाळेविषयी नव्हे, तर 'आंतरराष्ट्रीय' शाळेविषयी. हा शब्द आता आपल्या फार जवळ येऊन ठेपला आहे. ठाणे जिल्ह्यात भिवंडी-निजामपूर नावाची महानगरपालिका आहे. त्यातला निजामपुरा म्हणजे यंत्रमागांच्या खडखडाटात जागणारी, दाट वस्तीची जागा. अशा वस्त्यांतून आणि शहराबाहेर शेताच्या बांधाला लागूनसुद्धा आज 'इंटरनॅशनल स्कूल' अशा मोठ्या अक्षरांच्या पाट्या दिसतात. मागावर बारा-बारा तास उभा राहणारा कामगार आणि भाताच्या दोन खाचरांवर पोट भरणारा शेतकरी, दोघेही पोटाला चिमटा काढून तिथली फी भरतात. का भरतात? आपल्या वाट्याला जे आले नाही ते मुलाला मिळावे म्हणून. ही इच्छा काही चुकीची नाही. पण जो पैसा मोजतो त्याला एक प्रश्न विचारण्याचा हक्क आहे, बरं का. आंतरराष्ट्रीय म्हणजे नेमके काय?

या शब्दाचा जन्म कुठे झाला ते आधी पाहू. पहिल्या महायुद्धानंतर स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहरात राष्ट्रसंघाची कचेरी उघडली. तिथे देशोदेशींचे अधिकारी आले, आणि त्यांच्याबरोबर त्यांची मुलेही आली. त्या मुलांसाठी १९२४ साली जिनिव्हात आंतरराष्ट्रीय शाळा निघाली. पुढे प्रश्न आला परीक्षेचा. इथे शिकलेले मूल उद्या स्वदेशी गेले तर तिथले विद्यापीठ त्याला घेईल का? त्यावर तोड म्हणून १९६८ साली त्याच शहरात 'इंटरनॅशनल बॅकलॉरिएट' ही संस्था स्थापन झाली. इंग्लंडातल्या केंब्रिजची 'आयजीसीएसई' ही परीक्षा १९८८ पासून सुरू झाली. आपल्याकडे पुण्याजवळ पौड भागात १९९७ पासून महिंद्र युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. तिथे अनेक देशांची मुले एकत्र राहतात आणि एकत्र शिकतात.

तेव्हा या शब्दाचे खरे अर्थ दोन. एक, अनेक देशांची मुले एका बाकावर बसणे. दुसरा, अनेक देशांत चालेल असे प्रमाणपत्र मिळणे. पण तिसराही एक प्रकार आहे. शाळा शिकवते राज्य मंडळाचा किंवा केंद्रीय मंडळाचा अभ्यासक्रम, आणि नाव मात्र आंतरराष्ट्रीय. त्या अभ्यासक्रमात काही कमीपणा आहे असे मी म्हणत नाही; त्यातूनच मोठमोठे शास्त्रज्ञ निघाले. पण वस्तूला तिच्या नावाने ओळखावे, एवढेच माझे म्हणणे. आपण बैल घेताना दात पाहतो. शाळा घेताना निदान कागद तरी पाहावा.

कोणते कागद? शाळा कोणत्या मंडळाशी संलग्न आहे, त्याचे पत्र. तिला अकरा आकडी यू-डायस क्रमांक आहे का, ते. मराठी शिकवली जाते का, तेही विचारावे. कारण २०२० साली झालेल्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची केली आहे. आणि हेही ध्यानात ठेवा की, शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे खाजगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशाच्या पहिल्या वर्गात पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांसाठी असतात. अल्पसंख्याकांच्या शाळांना हे बंधन लागू नाही. बाकीच्या शाळांत मात्र तो आपला हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे.

आता येतो मुलांच्या यशाकडे. वर्षअखेरीस अशा शाळांची पत्रके घरी येतात. स्नेहसंमेलन झाले, विज्ञान प्रदर्शन भरले, अमुक मुलांना ऑलिम्पियाडची पदके मिळाली. पालक खूश होतात, आणि व्हावेच. पण 'ऑलिम्पियाड' हे नावही पाटीसारखेच सैल झाले आहे. काही कंपन्या फी घेऊन शाळाशाळांतून परीक्षा घेतात आणि पदके वाटतात. सराव म्हणून त्या ठीक. खरी आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाड १९५९ साली रुमानियात सुरू झाली. तिथे एका देशातून फार तर सहा मुले जातात. भारताचे संघ निवडण्याच्या आणि तयार करण्याच्या कामाचे केंद्र आपल्या भिवंडीपासून लांब नाही. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, तेच ते. ऑगस्ट २०२५ मध्ये खगोलशास्त्राची आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाड मुंबईतच भरली आणि साठांहून अधिक देशांची मुले इथे आली. मुंबईच्या विज्ञान शिक्षकांची संघटना १९८१ पासून सहावी आणि नववीच्या मुलांसाठी होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा घेत आली आहे. तीत लेखी परीक्षेबरोबर प्रयोगही करावा लागतो, आणि ती मराठीतूनही देता येते. शिक्षक बंधुभगिनींनो, हे आपल्या वर्गात अवश्य सांगा. पाटीवर काहीही लिहिलेले असो, ही दारे तुमच्या मुलांनाही उघडी आहेत.

कुणी म्हणेल, "मास्तर, हे सगळे शहरातल्या हुशार मुलांचे झाले. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेचे काय?" तर ऐका.

पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यात जालिंदरनगर नावाची वस्ती आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत एके काळी तीन मुले उरली होती. शाळा बंद पडायची तेवढी बाकी होती. नवे शिक्षक आले, गावकऱ्यांनी हात दिला, आणि काही वर्षांत पट शंभराच्या पुढे गेला. तिथे एक साधी रीत आहे, तिला 'विषयमित्र' म्हणतात. ज्याला जे येते त्याने ते दुसऱ्याला शिकवायचे; मग शिकणारा वयाने मोठा असो की लहान. २०२५ साली लंडनच्या एका संस्थेने जगातल्या उत्तम शाळांना जी पारितोषिके दिली, त्यात लोकांच्या मतांवर दिले जाणारे पारितोषिक या शाळेला मिळाले. तिच्या नावात 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द नाही. 'जिल्हा परिषद शाळा' असेच नाव आहे.

दुसरे उदाहरण सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातील परितेवाडीचे. रणजितसिंह डिसले गुरुजी २००९ साली तिथे रुजू झाले, तेव्हा शाळेची इमारत मोडकळीला आलेली होती. वर्गातल्या अनेक मुलींच्या घरची भाषा कन्नड, आणि पुस्तक मराठी. मुली गप्प बसत. गुरुजींनी काय केले? ते स्वतः कन्नड शिकले. पुस्तकातले धडे मुलींच्या भाषेत आणले, आणि पानावर चौकोनी 'क्यूआर' खुणा छापल्या. ती खूण मोबाइलला दाखवली की कविता ऐकू येई, धडा पाहता येई. त्यांनी आणखी एक केले. भारत आणि पाकिस्तान, इस्रायल आणि पॅलेस्टाइन अशा एकमेकांशी न पटणाऱ्या देशांतल्या मुलांच्या जोड्या लावून त्यांना आपसांत बोलायला लावले. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले. त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. आता तुम्हीच सांगा, आंतरराष्ट्रीय शाळा कोणती?

राज्य सरकारनेही २०१८ साली महाराष्ट्राचे स्वतःचे आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ काढले होते, आणि जिल्हा परिषदेच्या काही शाळा त्यात घेतल्या होत्या. पुढे ते मंडळ गुंडाळले गेले. म्हणजे पाटी लागते आणि पाटी उतरतेही. मुलाच्या हातातली पाटी मात्र राहते, आणि तिच्यावर काय उमटले तेच शेवटी त्याच्या कामी येते.

आता पुन्हा निजामपुऱ्याकडे येऊ. इथे वेगळ्या देशाची मुले आणायला हवीत असे नाही. भिवंडीत घरात उर्दू बोलणारी मुले आहेत, कोकणी मुसलमानांची जुनी घरे आहेत, तेलंगणातून आलेल्या विणकरांची तेलुगू आहे, उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगारांची भोजपुरी आहे. भोवतालच्या गावांतून आगरी बोली आहे, वारली आणि कातकरी पाड्यांची बोली आहे. अशी मुले एका वर्गात आली की तिथेच चार सीमा उभ्या राहतात. पहिली सीमा देशाची नसते. मुलाला आपले म्हणणे गुरुजींना सांगता येत नाही, ती पहिली सीमा. ती ओलांडून देणारी शाळा आंतरराष्ट्रीय. जी ती ओलांडून देत नाही, तिचे नाव कितीही भारदस्त असो, मूल उंबऱ्यावरच अडकलेले असते.

शिक्षकांनी यासाठी फार खर्च करण्याची गरज नाही. भिंतीवर एक मोठा कागद लावावा. रोज एक शब्द, आणि वर्गातल्या मुलांच्या घरी त्याला काय म्हणतात ते त्याखाली लिहावे. पाणी, भाकरी, पाऊस, माग. आठवड्यातून दोन तास विषयमित्रांचे ठेवावेत. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेशी पत्रव्यवहार सुरू करावा. वर्षअखेरीच्या अहवालात पदकांच्या यादीआधी एक ओळ लिहावी: जूनमध्ये ज्यांना वाचता येत नव्हते, अशी किती मुले मार्चमध्ये वाचू लागली. तो आकडा लहान असला तरी चालेल, पण तो खरा असावा.

आणि आईबापांनो, तुम्हीही एक करा. शाळा कोणतीही असो, रात्री जेवताना मुलाला 'किती मार्क पडले?' असे विचारण्याऐवजी 'आज कुणाला काय शिकवलेस?' असे विचारा. तुम्हाला स्वतःला लिहिता-वाचता येत नसले तरी हा प्रश्न विचारता येतो. मूल जर उत्साहाने सांगू लागले, तर फी भरलेली असो वा नसो, शाळा चांगली चालली आहे असे समजा. ते गप्प राहिले, तर दुसऱ्या दिवशी सवड काढून शाळेत जा आणि गुरुजींना भेटा. दारावरची पाटी वाचून परत येऊ नका. आत जाऊन मुलाच्या हातातली पाटी पाहा.