चिऊचं घर उन्हात ठेवलं तेव्हा

मी बडोद्यात दर रविवारी मराठी मुलांचा वर्ग घेते. मुलं सात ते दहा वर्षांची. घरात मराठी, गल्लीत गुजराती.

त्यांना गोष्टीतलं ‘स्थळ आणि काळ’ शिकवायचं होतं. चिऊ-काऊची गोष्ट सगळ्यांना पाठ, म्हणून तीच घेतली. वह्यांत उत्तर आलं: स्थळ – झाड, काळ – पूर्वी. चूक म्हणता येईना, पण हाती काहीच लागलं नव्हतं.

पुढच्या वेळी बुटांचे रिकामे खोके मागवले. काऊच्या घरासाठी शेण आणायची माझी तयारी होती, पालकांची नव्हती! मग चिकणमातीत भुसा कालवला. चिऊसाठी मेणबत्त्यांचे तुकडे गरम पाण्यात मऊ करून दिले. गरम पाण्याचं काम मोठ्यांनीच करावं.

एका मुलाने खोक्यात फुलं, फुलपाखरं, हसरा सूर्य चिकटवला. मी विचारलं, “अरे, मग पाऊस कुठून येणार?” तो थांबला, आणि त्याने खोक्याचं छप्परच कापून काढलं. बाटलीच्या झाकणाला भोकं पाडून आम्ही पाऊस पाडला. ओल्या मातीचं घर बघता बघता बसलं. मेणावरून पाणी ओघळून गेलं. काऊला दार का ठोठवावं लागतं, हे त्या दिवशी कुणाला सांगावं लागलं नाही.

वर्गात फारशी न बोलणारी एक मुलगी तेव्हा म्हणाली, “ताई, पण उन्हाळ्यात?”

एप्रिल चालू होता. नवी दोन घरं करून गच्चीवर ठेवली. मेण वितळायला साठ अंशांच्या आसपास तापमान लागतं, पण मऊ ते खूप आधीच पडतं. दुपारी चिऊची भिंत वाकली. काऊचं घर मात्र वाळून टणक झालेलं. इतकी वर्षं ही गोष्ट सांगतेय, माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं!

त्या मुलीने गोष्ट उलटी लिहिली. मे महिना, बडोदा, भर दुपार. पिल्लाला घेऊन चिऊ काऊच्या दाराशी उभी.

हा बघा तिचा खोका. सगळं डिंकाने पक्कं बसवलंय, फक्त काऊचं दार सुटं ठेवलंय. का, म्हणून विचारलं, तर म्हणाली, “काऊचं अजून ठरलं नाही.”