मालवाहू गाडीतील जादा उपकरणांना वीज कोठून घ्यावी?

(घणसोली गावातील शेतकऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा गोषवारा)



घणसोलीची भातखाचरे शहराखाली गेली, पण ठाणे-बेलापूर रस्त्याने तुर्भ्याच्या बाजार समितीकडे जाणारा भाजीपाला आजही आपल्या दारावरून जातो. माल कितीही चांगला पिकवला, तरी पहाटे गाडी सुरू झाली नाही तर भाव हातचा जातो. आपण गाडीत पंखा, चार्जर, हौद्यातील दिवा बसवतो आणि वायर थेट बॅटरीला जोडतो. चावी काढली तरी ही उपकरणे चालूच राहतात. हिशेब पाहा. 12 व्होल्टवर 60 वॅटचे उपकरण 5 अँपिअर घेते. दहा तासांत 50 अँपिअर-तास खर्च होतात. 80 अँपिअर-तासांच्या बॅटरीतील निम्म्याहून अधिक वीज गेली, तर सकाळी इंजिन उचलणे कठीण.

म्हणून वीज अशा ठिकाणाहून घ्यावी, जेथे ती चावी फिरवल्यावरच येते. पाटाचे दार उघडल्याशिवाय पोटपाटात पाणी येत नाही, तसेच हे आहे.

जागा कशी शोधावी?

1. प्रथम व्होल्टेज पाहा. पिकअप व छोट्या टेम्पोत साधारणपणे 12, तर मोठ्या ट्रकमध्ये 24 व्होल्ट असतात.
2. मल्टीमीटरची काळी तार चासीच्या उघड्या धातूला लावा, लाल तार फ्यूजच्या टोकाला.
3. चावी बंद असताना व्होल्ट दिसले, तर तो कायम पुरवठा. ती जागा सोडा.
4. चावी फिरवल्यावरच व्होल्ट दिसले, तर ती आपल्या कामाची जागा. सिगारेट लायटरचे सॉकेटही असेच तपासा. काही गाड्यांत ते कायम चालू असते.
5. ब्रेक, एअरबॅग, इंजिन-नियंत्रण व हेडलाइटच्या फ्यूजला हात लावू नका. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत इलेक्ट्रॉनिक भाग फार आहेत. तेथे बल्बची टेस्ट लॅम्प नको, मीटरच वापरा.

जोडणी

चार्जरसारखे हलके उपकरण या जागी स्वतंत्र फ्यूज घालून चालते. भारी उपकरणाला मात्र रिले हवा. 55 वॅटचे दोन दिवे 12 व्होल्टवर सुमारे 9 अँपिअर घेतात. चावीची वायर फक्त रिले उचलण्यापुरती वापरा: रिलेच्या 86 क्रमांकाला चावीची वायर, 85 ला अर्थ, 30 ला बॅटरीकडून येणारी जाड वायर आणि 87 वरून उपकरणाला वीज. अशा दोन दिव्यांना 15 अँपिअरचा फ्यूज व 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच बसवा. पुढे कोठेही वायर घासून चासीला टेकली, तर फ्यूज उडेल. फ्यूज नसेल तर वायर पेटेल. पत्र्यातून वायर नेताना रबरी बूच घाला.

24 व्होल्टच्या ट्रकमध्ये दोनपैकी एकाच बॅटरीवरून 12 व्होल्ट घेण्याची पद्धत घातक आहे. एक बॅटरी उतरते, दुसरी जादा चार्ज होते आणि दोन्ही लवकर निकामी होतात. त्यासाठी 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर बसवा आणि रिले 24 व्होल्टचाच घ्या.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार प्रथम सोडवा व शेवटी जोडा. नवी गाडी वॉरंटीत असेल, तर आधी विक्रेत्याला विचारा. जोडणी मिस्त्रीकडून करून घेतलीत, तरी फ्यूज कोठे आहे व चावी काढल्यावर पंखा बंद होतो का, या दोन गोष्टी पैसे देण्यापूर्वी स्वतः पाहून घ्या.